शीतलची वीत

शीतलला पुण्याच्या एका कंपनीने फसवलं. तिच्याकडून आठ दिवस काम करून घेतलं, नोकरी देतो म्हणून सांगितलं, नोकरी दिली नाही आणि काम मात्र ठेवून घेतलं. कंपनीचं नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. या सगळ्यात माझ्या तोंडाचाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही. पण आधी शीतल कशी आहे ते सांगते. तिला न पाहता हे प्रकरण कानावर आलं, तर तुम्हीही त्या वकिलांसारखं म्हणाल, "बाई, असं तर सगळीकडेच चालतं."

शीतल कोणालाही "कसं वाटलं?" असं कधी विचारायची नाही. नवीन जालन्यात माझा बियाण्यांची पाकिटं छापायचा छोटा कारखाना आहे आणि शीतल तिथे कॉम्प्युटरवर पाकिटांची चित्रं करायची. नवं पाकीट तयार झालं की त्याचे दोन नमुने ओढणीखाली धरून ती स्टेशन रस्त्यावरच्या एखाद्या बियाण्याच्या दुकानात जायची. कोणी शेतकरी काउंटरला टेकलेला दिसला की म्हणायची, "मामा, हे जरा धरता का? मी चप्पल नीट करते." मामा पाकीट धरायचे. शीतल खाली वाकून चपलेशी खेळत बसायची आणि खालून त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहायची. अंगठा पाकिटावर कुठे टेकला, कुठे सरकला, पाकीट उलटं केलं की नाही. एवढं बघून ती परत यायची.

"अगं, तोंडाने विचारायला काय होतं?" मी एकदा म्हटलं.

"विचारलं की मानूस खोटं बोलतं, काकू. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतं. बोटाला तेवढी अक्कल नसते. बोट खरं सांगतं."

एका कंपनीच्या मॅनेजरला पाकिटावर फेटेवाला, मिशीवाला, हसरा शेतकरी हवा होता. शीतल दोन दिवस दुकानांमधून फिरली आणि सांगून मोकळी झाली, "साहेब, तुमच्या मिशीवाल्याकडं कुणी बघून नाही राह्यलं. जो येतो तो पाकीट उलटं करतो अन् तारीख हुडकतो. तारीख बारीक आहे, वरून सीलच्या पट्टीत गेल्ती." तिने तारीख मोठी केली आणि पाकीट हातात धरल्यावर अंगठा जिथे पडतो, बरोबर तिथे आणली. मॅनेजर आधी चिडला. हंगाम संपल्यावर तोच माणूस पेढे घेऊन आला. मी त्याच दिवशी त्याच्याकडून छपाईचा दर वाढवून घेतला. शीतलला मी एक साडी दिली. साडी चांगली होती, पण साडीच दिली, हे आता लिहिताना दिसतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी घरात बसून कागदी पिशव्या चिकटवण्यापासून सुरुवात केली. खळीचं पातेलं, मांडीवर धाकटा आणि समोर रद्दीचा ढीग. तिथून दोन मशिनांपर्यंत आले ते भाव करून. कागदाचा भाव, शाईचा भाव, गाळ्याच्या भाड्याचा भाव. मोंढ्यातले, म्हणजे बाजारपेठेतले, व्यापारी मला लांबून येताना बघून चहा मागवतात, कारण मी तासाभराच्या आत उठत नाही हे त्यांना माहीत आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे हे कामाला येणार आहे, म्हणून सांगते.

शीतल माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बारावी झालेली, अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. वडील कारखान्यात कामाला आणि घरची थोडी जमीन. जालन्यात मावशीकडे राहून ती माझ्याकडे पाकिटं मोजायच्या कामाला लागली. दुसऱ्याच महिन्यात सीलिंग मशीनच्या गरम पट्टीखाली तिची डाव्या हाताची करंगळी सापडली. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खर्च सांगितला. आणि मी, सवयीने, भाव करायला लागले. मागे ती बाकावर बसली होती, हाताला माझा रुमाल गुंडाळलेला, आणि रुमाल लाल होत चाललेला. डॉक्टर उतरले, मी जिंकले. करंगळी जुळली, पण बाहेरच्या बाजूला वाकडी राहिली, एखादी फांदी उन्हाकडे वळते तशी.

शीतलने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त मी एखाद्या पार्टीशी फोनवर ओरडत असले की ती करंगळी वर करून मला दाखवायची आणि डोळे मिचकावायची. "काकू, हिचा तर तुम्ही भाव केल्ता. त्याचा किती करून राह्यल्या?" कारखान्यातल्या सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायचे.

कॉम्प्युटरवर ती बसली ती अपघातानेच. ऐन मे महिन्यात आमचा ऑपरेटर न सांगता निघून गेला. शीतल मोजणीच्या टेबलावरून उठली आणि म्हणाली, "मी बघत होते त्याचं. मला येतं." खरंच येत होतं. तेव्हापासून आठ वर्षं ती त्या खोलीत होती. खोली कसली, प्लायवूडची आडोशाची जागा. खिडकी नाही. एका बाजूला पाकिटांच्या प्लास्टिक फिल्मचे रोल छतापर्यंत, दुसऱ्या बाजूला छपाईचं मशीन, आणि त्या मशीनवरच्या शाईच्या थिनरचा वास चोवीस तास. नवीन माणसाचं पाच मिनिटांत डोकं दुखायचं. शीतलला सवय झाली होती. घरी गेल्यावर सासू पदर नाकाला लावायची म्हणे.

मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवरा गणेश लोखंडाच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे. माणूस चांगला, बोलायला कमी. स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची एक खोली, त्यात हे दोघं आणि सासू. पाच वर्षं मूल नव्हतं. सासू काही बोलायची नाही, पण शेजारीण बाळंत झाली की त्या दिवशी स्वयंपाक करायची नाही. शीतलने हे मला हसत सांगितलं होतं. तिला हसत सांगायची सवय होती, त्यामुळे कुठलं किती टोचतंय ते कळायचं नाही.

मोबाइलच्या अ‍ॅपचं डिझाइन करणं हा एक धंदा असतो आणि त्याला पाकिटांपेक्षा पुष्कळ पैसे मिळतात, हे तिला कुठल्याशा व्हिडिओमधून कळलं. मग दीड वर्ष ती जेवणाच्या सुट्टीत शिकली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात माऊस. इंग्रजी समजायचं नाही तेव्हा व्हिडिओ थांबवून शब्द वहीत लिहायची. मी चिडवायचे, "काय गं, कलेक्टर होतेस का?" ती म्हणायची, "काकू, पाकीट काय अन् मोबाइल काय, दोन्हीला अंगठाच लागतो की." पगार मी देत होते त्याच्या तिप्पट मिळणार होता आणि काम घरी बसून होतं. तिप्पट हा शब्द तिने हळू उच्चारला होता, मला वाईट वाटू नये म्हणून.

आणि नेमकं तेव्हाच दिवस राहिले. पाच वर्षांनी. ती मला सांगायला आली तेव्हा दारातच उभी राहिली, आत येईना. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, थिनरच्या वासात एक दिवस बसायचं नाही. अन् सासूबाई म्हणतेत, पाचवा लागेस्तर कुणाला सांगायचं नाही. मंग तुमच्याकडची सुट्टी कशाची मागू?" मी तिचं टेबल उचलून पुढच्या गाळ्यात, माझ्या गल्ल्याशेजारी आणून ठेवलं. बायांना सांगितलं की आतला पंखा बिघडलाय. मला वाटलं, मी फार केलं.

दिवाळीनंतर पुण्याच्या त्या कंपनीची जाहिरात आली. शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप. शीतलने अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत कॉम्प्युटरवरच, कॅमेऱ्यासमोर. त्याच आठवड्यात तिला पाचवा महिना लागला होता. तिची आई लांब, म्हणून चोरओटी मी भरली. आमच्याकडे ही ओटी गाजावाजा न करता भरतात, बाहेर कळू देत नाहीत. गाळ्याचं शटर अर्धं ओढलं, खण-नारळ ठेवला आणि तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बांगड्या घालून ती मुलाखतीला बसली. पुण्याच्या लोकांना काय कळणार? एक मुलगी म्हणाली, "किती छान बँगल्स!"

मुलाखत झाल्यावर मी विचारलं, "पोटाचं सांगितलंस का?"

"कशाला? त्यांना मी खांद्याच्या वर दिसते. आधी नोकरीचा कागद हातात येऊ द्या, मंग सांगते. सुट्टीचा कायदा आहे, मी वाचून ठेवलाय. पण कागदाच्या आधी नाही, काकू. बिलकुल नाही."

हे तिने मला सांगितलं होतं. मला माहीत होतं. हे वाक्य मी वकिलांनाही दोनदा सांगितलं.

कंपनीने तिला परीक्षा म्हणून काम दिलं. कपाशीच्या लागवडीची माहिती सांगणारं अ‍ॅप कसं दिसेल ते काढून दाखवा, आठ दिवसांत. त्यांनी नमुना पाठवला होता त्यात दोन झाडांमधलं अंतर सेंटीमीटरमध्ये होतं आणि बाजूला एक पट्टी काढलेली होती. शीतल ते बघून खूप हसली. "शेतात पट्टी घेऊन कोण जातं? माझी आई वितीनं मोजती. सरकी बायाच लावतेत, अन् बायांपाशी हात असतो, पट्टी नसते." तिने माझ्या बिलाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर डावा हात पसरला, उजव्या हाताने त्याच्या कडेने पेन फिरवलं, आणि तो हात कॉम्प्युटरवर चढवला. अंगठा आणि करंगळी ताणलेली वीत. ती वीत पडद्यावर एकदा टेकते, पुढे सरकते, दुसऱ्यांदा टेकते, आणि तिथे सरकीचा दाणा पडतो. अक्षर एक नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल.

"करंगळी तरी सरळ काढ," मी म्हटलं.

"कशाला? हीच तर माझी वीत आहे."

"मग चित्रातल्या बांगड्या काढून टाक. कंपनीचं काम आहे."

"राहू द्या. बाईचा हात आहे ते दिसू द्या."

आठव्या दिवशी काम पाठवलं. तीन दिवसांनी निरोप आला, निवड झाली, पगाराचं बोलायला फोन करतो. शीतलने तेव्हाच मला राजीनाम्याचा कागद दिला. मी तो कागद घडी करून गल्ल्यात ठेवला आणि त्याच संध्याकाळी एका बियाणं कंपनीच्या मॅनेजरच्या मेहुण्याला तिच्या जागेवर यायला सांगितलं. त्याला घेतलं की त्या कंपनीची वर्षभराची छपाई मला मिळणार होती. जागा एक दिवस रिकामी ठेवणं मला जमत नाही.

फोनच्या दिवशी शीतल सकाळपासून अस्वस्थ होती. "काकू, पैशाचं तुम्ही बोला. मला नाही जमत. ते म्हणतील तेवढ्याला मी हो म्हणून बसन." आम्ही गल्ल्यामागे शेजारी शेजारी बसलो. फोन टेबलावर, स्पीकर लावलेला. पलीकडे एक पुरुष, आवाज गोड, मराठी स्वच्छ.

"आपण कोण बोलताय?"

"तिची काकू. पैशाचं माझ्याशी बोला."

तो हसला. आकडा सांगितला. मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा पहिला डाव असतो. समोरच्याला शांतता सोसत नाही. तो म्हणाला, "थोडं वर जाऊ शकतो," आणि वर गेला. मी म्हटलं, "जालन्याची माणसं आहोत साहेब, थोड्यानं आमचं भागत नाही." तो पुन्हा हसला आणि पुन्हा वर गेला. मग म्हणाला, "मॅडम, आता मात्र आमची मर्यादा आली."

तेव्हा शीतलने टेबलाखालून माझ्या गुडघ्याला चिमटा काढला. ती मला म्हणत होती, पुरे. मला वाटलं, ती म्हणतेय, अजून ताणा.

आमच्या मोंढ्यात शेवटचा डाव घराचा असतो. सगळं बोलून झालं, समोरचा उठायला लागला, की आपलं घर त्याच्यासमोर ठेवायचं. शेटजी, पोरीचं लग्न काढलंय. शेटजी, म्हातारी दवाखान्यात आहे. घरातली अडचण ऐकली की समोरचा खाली बघतो आणि दोन पैसे सोडतो. मी आयुष्यभर असंच मिळवलं आणि असंच सोडलंही. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

"अहो साहेब, पोरीला पाचवा महिना चालू आहे. पाच वर्षांनी पाळणा हलणार आहे. खाणारं एक तोंड वाढतंय, एवढं तरी बघा."

पलीकडे शांतता. माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसणारा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

"अच्छा," तो म्हणाला. "अभिनंदन. मी टीमशी बोलून कळवतो."

फोन बंद झाला. मी म्हटलं, "बघ, आता वाढवून देतो का नाही ते." शीतलने फोनवर हात ठेवला, पालथा, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. खूप वेळ ठेवला. मग म्हणाली, "काकू, तुम्ही परत माझा भाव केला."

दोन दिवसांनी पत्र आलं. ही जागा भरणं काही कारणास्तव सध्या थांबवत आहोत. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. शीतलने ते मला वाचून दाखवलं, शुभेच्छांसकट. मग उठून ती सवयीने आतल्या खोलीकडे गेली. तिचं टेबल मी परत आत नेऊन ठेवलं होतं आणि मॅनेजरचा मेहुणा तिच्या खुर्चीवर बसला होता. ती दारातच थांबली. एक हात प्लायवूडला, एक पोटाला.

"काकू, आत थिनर आहे. भायेर कंपनी नाही म्हणून राह्यली. घरी सासूबाईला सांगून बसले की पुण्याची नोकरी लागली, तिनं गल्लीत साखर वाटली. मी उभी कुठं राहू तेवढं सांगा."

मी मेहुण्याला काढू शकत होते. काढलं असतं तर वर्षभराची छपाई गेली असती. मी तिला म्हटलं, तू पुढे बस, मालाची चलनं लिही, पगार तोच घे. ती बसली. महिनाभर तिने चलनं लिहिली, वळणदार अक्षरात. कोणी पाकिटाबद्दल विचारलं की म्हणायची, "आत विचारा." आतून मेहुणा येऊन पाकीट दाखवायचा आणि विचारायचा, "कसं वाटलं?" शीतल मान वर करायची नाही. गिऱ्हाईक "छान छान" म्हणायचं. फक्त तिचा डोळा गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर जायचा आणि पेन थांबायचं.

मधे तिने आणखी चार ठिकाणी अर्ज केले. आता ती आधीच सांगून टाकायची की दिवस गेलेत. म्हणायची, "निदान नंतर कुणाच्या तोंडून निघायला नको." एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. सातव्या महिन्यात वडील तिला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. पण रीत संपल्यावर ती कारखान्यात परत कशाला येणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. जाताना तिने बिलाचं ते पुस्तक मागितलं. मी म्हटलं, त्यात माझी बिलं आहेत. मग तिने फक्त मागचं पान फाडून नेलं.

तिला मुलगी झाली. मी झबलं-टोपडं पाठवलं, गेले नाही. जायला तोंड नव्हतं आणि भाव करायला तिथे काही नव्हतं.

जूनमध्ये पेरण्यांच्या तोंडावर मी एका दुकानात बसले होते. एक शेतकरी दुकानदाराला मोबाइल दाखवत होता, "हे बघा ना शेट, दोन विती म्हणतंय." मी सहज डोकावले. पडद्यावर एक हात पसरला होता. वीत टेकली, सरकली, पुन्हा टेकली. दाणा पडला. मनगटात हिरव्या बांगड्या. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

मी त्याच्या हातातून मोबाइल ओढला.

"ओ बाई! मोबाइल द्या की! काय झालं?"

"हा हात कोणाचा आहे?"

"मला काय म्हाईत? अ‍ॅपमदला आहे. पुण्याचं आहे म्हणे. लई भारी आहे, माझ्या बायकोला बी समजतं."

ते अ‍ॅप माझ्या मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुण्याला गेले. तो गोड आवाजाचा माणूस बाहेर आला, पाणी दिलं, आणि बसायला सांगितलं. मी ओरडले, हे कबूल करते. तो ओरडला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की परीक्षेसाठी केलेलं काम कंपनीच्या मालकीचं असतं आणि उमेदवाराने तसं फॉर्मवर मान्य केलेलं आहे. शिवाय नंतर त्यांच्या लोकांनी त्यावर पुष्कळ काम केलंय. मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "आणि हा हात?"

"मॅडम," तो म्हणाला, "तो एक साधारण हात आहे. आमच्या लोकांनी काढलाय. कोणीही काढू शकतं."

परत येताना मी जालन्यात उतरले नाही. तशीच अंकुशनगरला गेले. शीतल ओसरीवर बसली होती, मांडीवर मुलगी. अंग सुटलेलं, चेहरा उतरलेला, पण हसली. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने एकदा पाहिलं. मला वाटलं, रडेल. तिने मोबाइल घेतला आणि अंगणातल्या वडिलांना हाक मारली, "बापू, हे जरा धरता का? मी पोरीला नीट घेते." मुलगी नीटच होती. बापूंनी मोबाइल धरला. शीतल खालून त्यांच्या अंगठ्याकडे बघायला लागली.

बापूंना वाचता येतं ते आकड्यांपुरतं. अंगठा पडद्यावर क्षणभर अडखळला, मग खाली सरकला, कपाशीच्या बोंडाच्या चित्रावर टेकला, वीत उघडली. बापूंनी आपलाही हात पसरून बघितला. शीतलचा चेहरा इतका उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"बराबर जातंय," ती म्हणाली. "काकू, बघितलं का? बोट बराबर जातंय."

मग ते उजळणं हळूहळू गेलं. बापू मोबाइल ठेवून गोठ्याकडे गेले. मी म्हटलं, मी वकील करते, मी सोडणार नाही, मी त्यांना रस्त्यावर आणीन. शीतल मुलीच्या पाठीवर थोपटत ऐकत राहिली.

"माझा तुमच्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही. राग आहे. पण तुम्ही आल्यात, त्ये पुण्यावाले आले नाहीत." मुलीला खांद्यावर घेत ती म्हणाली, "भांडायचं तर भांडा. पण यावेळी भाव नाही करायचा, काकू. फकस्त विचारायचं. अन् उत्तर येईस्तर गप बसायचं. जमंल का तुम्हाला?"

मी हो म्हटलं. तिने आतून ते फाडलेलं पान आणून माझ्या हातात दिलं. निळ्या पेनाने काढलेला हात, मागच्या बाजूला माझ्या कारखान्याचं बिल. वकील म्हणतात, रक्कम ठरवा. मी ठरवत नाही. रक्कम सांगितली की ते खाली आणायला बसतील, आणि मला सवय आहे, मीही उतरेन.

म्हणून त्या गोड आवाजाच्या माणसाला मी इथे, सगळ्यांसमोर, एकच विचारते. तो हात तुमच्या लोकांनी काढला असं तुम्ही म्हणता ना? मग ज्याने काढला त्याला उभं करा आणि त्याच्या तोंडून मला ऐकवा, ती करंगळी वाकडी कशाने झाली.

मी गप्प बसले आहे. बोला.